कड्यावरचा दोर कुठून घ्यावा?

मुंबईत दोर हवा असेल तर माणूस मशीद बंदरची वाट धरतो. नागदेवी स्ट्रीटवर आणि भोवतालच्या गल्ल्यांत नायलॉनचे, सुताचे, काथ्याचे, तारेचे दोर मिळतात. दोन दुकानं पुढे गेलं की हूक, शॅकल, सेफ्टी बेल्ट आणि पिवळी हेल्मेटंही. पुण्यात हीच सोय रविवार पेठेत, बोहरी आळीत आहे. माल टिकाऊ असतो, दुकानदाराला त्याची नस ठाऊक असते. ट्रकवरची ताडपत्री, इमारतीची परांची, विहिरीतला पंप यांचा भार या दोरांनी वर्षानुवर्षं पेलला आहे. पण खंडाळ्याच्या नागफणीवर किंवा तैलबैलाच्या भिंतीवर चढाई करणाऱ्याने यातलाच एखादा जाडजूड दोर कमरेला बांधला आणि वर त्याचा हात सुटला, तर दोर कदाचित शाबूत राहील. माणूस राहणार नाही.

याचं कारण ताकदीत नाही, ताणात आहे. प्रस्तरारोहणात पहिला चढणारा, म्हणजे लीड करणारा, कातळातल्या बोल्टमध्ये दोर अडकवत वर सरकतो. शेवटच्या बोल्टच्या तीन मीटर वर असताना तो सुटला, तर त्या बोल्टच्या तीन मीटर खाली जाईपर्यंत त्याला काहीही अडवत नाही. सहा मीटर पडलेल्या देहाचा वेग कोणीतरी जिरवायचा असतो. दोर ताणला गेला नाही, तर तो सगळा झटका कंबर, पाठीचा कणा, आतले अवयव आणि कातळातला बोल्ट यांच्यावर येतो. म्हणून लीडसाठी डायनॅमिक रोप लागतो: आत पिळलेल्या नायलॉन धाग्यांचा गाभा, वर विणलेलं वेष्टण, आणि धक्का बसला की लांबणारी रचना. या दोराचं युरोपीय मानक ईएन ८९२. सिंगल रोपला ८० किलोच्या वजनाच्या किमान पाच कठोर आपटी सोसाव्या लागतात, पहिल्या आपटीचा झटका १२ किलोन्यूटनच्या वर जाऊन चालत नाही आणि त्या वेळी दोर ४० टक्क्यांपेक्षा जास्त लांबता कामा नये. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचा भार.

दुसरा प्रकार स्टॅटिक रोपचा. त्याचं मानक वेगळं, ईएन १८९१, आणि त्याचा गुण नेमका उलटा: भार आला तरी तो फारसा लांबत नाही. रॅपलिंग (दोरावरून उतरणं), जुमारिंग (दोरावरून चढणं), व्हॅली क्रॉसिंग, दरीत अडकलेल्याला वर काढणं, या कामांना हाच हवा. काउंटरवर दोन्ही दोर शेजारी ठेवले तर नवख्याला सारखेच दिसतात. दोन्ही रंगीत, दोन्ही दहा-अकरा मिलिमीटर जाड, दोन्ही गुळगुळीत. ओळख टोकाच्या पट्टीवर असते. तिथे वर्तुळात १ छापलेलं असेल तर तो सिंगल डायनॅमिक रोप; ए अक्षर आणि १८९१ असेल तर स्टॅटिक.

दुकान पारखायची सुरुवात इथूनच करता येते. ‘रोप दाखवा’ एवढंच म्हणावं आणि समोरचा काय करतो ते पाहावं. जो लगेच शिडीवर चढून रंग दाखवू लागतो, त्याच्याकडून सॅक, टॉर्च, पोंचो खुशाल घ्यावेत. जो उलट प्रश्न विचारतो (लीडसाठी की रॅपलिंगसाठी, कुठे जाणार, बरोबर कोण, कोर्स केलाय का) त्याच्यापाशी थोडं थांबावं. आणि ‘आत्ता तुम्ही रोप घेऊच नका, क्लबचा वापरा, आधी हार्नेस आणि हेल्मेट घ्या’ असं सांगणारा दुकानदार भेटला, तर त्याचा पत्ता जपून ठेवावा. चांगल्या रोपला आज दहा हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याहून जास्त मोजावे लागतात. एवढी विक्री सोडून देणारा माणूस स्वतः कधीतरी दोराच्या टोकाला लटकलेला असतो.

अशी माणसं कमी आहेत, हे खरं. मुंबई-पुण्यात शनिवार-रविवारी गडांवर जाणारे हजारोंनी आहेत. कातळाला भिडणारे त्यांच्या मानाने मूठभर. त्यामुळे ‘ट्रेकिंग ॲण्ड क्लाइंबिंग’ अशी पाटी असलेल्या बहुतेक दुकानांत तंबू, स्लीपिंग बॅग, रेनकोट आणि बुटांनी भिंती भरलेल्या असतात आणि चढाईचं साहित्य एका कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात मावतं. डेकॅथलॉनसारख्या मोठ्या साखळी दुकानांनी परिस्थिती बरीच बदलली. शामोनीच्या परिसरातली सिमोंड ही जुनी कंपनी त्यांनी २००८ साली घेतली आणि तिचे प्रमाणित हार्नेस, दोर, कॅरॅबिनर आता उपनगरातल्या माणसालाही हाताळून पाहता येतात. ही सोय मोठीच आहे. फक्त तिथे सल्ला मिळेल की नाही, हे त्या दिवशी त्या विभागात कोण उभं आहे यावर ठरतं. सायकलींच्या विभागातून आलेल्या मुलाला सह्याद्रीच्या कातळाबद्दल विचारणं त्याच्यावर अन्याय करण्यासारखं आहे.

आणि सह्याद्रीच्या कातळाबद्दल विचारावं तर लागतंच. हा बेसाल्ट आहे. त्यात ग्रॅनाइटसारख्या सरळ, भक्कम भेगा क्वचित सापडतात. पुष्कळदा घट्ट थराखाली घसारा असतो, हाताला आलेला दगड हातातच राहतो. परदेशातल्या चढाईचे व्हिडिओ पाहून आलेला तरुण भेगांत अडकवायच्या कॅम आणि नट यांचा अख्खा संच मागतो. जाणता दुकानदार त्याला विचारतो की हे बसवणार कुठे? इथल्या सुळक्यांवर मुख्य भिस्त बोल्टवर आणि पिटॉनवर राहिली आहे, तेव्हा त्या पैशात क्विक ड्रॉ, स्लिंग आणि एक चांगलं हेल्मेट आधी घ्यावं, हा सल्ला इथलाच माणूस देऊ शकतो. तीच गोष्ट दोराच्या जाडीची. स्पोर्ट क्लाइंबिंगसाठी नऊ मिलिमीटरच्या आतबाहेरचे हलके दोर निघाले आहेत आणि पाठीवर घ्यायला ते सुखाचे आहेत, पण बेसाल्टच्या धारदार कडांवर आणि बारीक मातीत दर रविवारी घासायचं असेल तर दहा मिलिमीटरच्या आसपासचा दोर जास्त टिकतो.

एक काळ असा होता की दुकान शोधण्याचा प्रश्नच नव्हता, कारण दुकानच नव्हतं. मुंबईची गिरिविहार ही संस्था १९५४ ची, पुण्याची गिरिप्रेमी १९८२ ची. जुन्या पिढीने सुळके सर केले ते गावातल्या लोहाराकडून ठोकून घेतलेल्या मेखा, हार्डवेअरच्या दुकानातले एक्स्पान्शन बोल्ट आणि संस्थेच्या ट्रंकेत जपलेला एखाददुसरा दोर यांच्या जोरावर. कुणाचा नातेवाईक परदेशातून येणार असला की कॅरॅबिनरची यादी आधी जायची. त्या टंचाईतून एक चांगली रीत पडली आणि ती अजून मोडलेली नाही: महागडं साहित्य संस्थेचं असतं, ते सगळे मिळून वापरतात, आणि कुठलं कुठून घ्यावं हे ज्ञानही संस्थेतच साठतं.

म्हणून शहरातलं चांगलं दुकान शोधायचं तर आधी चढाई चालते तिथे जावं लागतं. मुंब्र्याच्या डोंगरावर, बेलापूरच्या कातळावर, पुण्यात शिवाजीनगरच्या कृत्रिम भिंतीवर सुट्टीच्या सकाळी सराव करणाऱ्यांच्या कमरेकडे पाहिलं तरी अर्धी माहिती मिळते. कोणता हार्नेस चार मोसम टिकला, कुणाच्या बुटाचा सोल सहा महिन्यांत सुटला, कोणत्या दुकानदाराने सदोष वस्तू कुरकुर न करता बदलून दिली, हे तिथे पाण्याची बाटली पुढे करत विचारलं की कुणीही सांगतं. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकांचा शब्द तर फारच मोलाचा. मध्यरात्री पावसात दरीत उतरताना ज्या दोरावर ते जीव टाकतात, तो त्यांनी कुठून घेतला हे कळलं की निम्मा शोध संपतो.

गेल्या काही वर्षांत ग्राहकही बदलला आहे. नवी मुंबईत २०१६ आणि २०१७ साली बोल्डरिंगच्या विश्वचषक स्पर्धा झाल्या, गिरिविहारच्या पुढाकाराने. टोकियो ऑलिंपिकपासून चढाई हा ऑलिंपिकचा खेळ झाला. सुळक्यावर कधीच न गेलेली, पण भिंतीवर आठवड्यातून तीनदा चढणारी मुलं-मुली आता दुकानात येतात. त्यांना दोर नको असतो. त्यांना बूट हवा असतो, आणि चढाईचा बूट ही ऑनलाइन मागवण्यासाठी सगळ्यात वाईट वस्तू आहे.

हा बूट पायाला घट्ट बसावा लागतो, बोटं किंचित दुमडतील इतका, पण नखात कळ जाईल इतका नाही. प्रत्येक कंपनीचा साचा निराळा. एकीचा ४१ दुसरीच्या ४० एवढाच भरतो. कातडी बूट वापराने सैल होतो, कृत्रिम कापडाचा फारसा होत नाही. इकडच्या उन्हात आणि दमटपणात दिवसभरात पाय सुजतो, म्हणून माप संध्याकाळी घेतलेलं बरं. जो दुकानदार तीन जोड काढून देतो, मोजे उतरवायला सांगतो, पायरीच्या कडेवर नुसत्या चवड्यावर उभं राहून बघा म्हणतो आणि दहा मिनिटं घाई करत नाही, त्याला काम कळतं. हार्नेसचंही तसंच आहे. कंबरपट्टा कमरेच्या हाडाच्या वर बसला पाहिजे, पूर्ण आवळल्यावर खाली ओढून निसटता कामा नये, मांडीच्या पट्ट्यात सपाट तळवा जेमतेम जावा. उभ्याने हे सगळं जमतं. खरी परीक्षा लटकल्यावर होते. छताच्या हुकाला दोराचा तुकडा बांधून ग्राहकाला दोन मिनिटं लटकवणारं दुकान सापडलं, तर पुढची चौकशी थांबवायला हरकत नाही.

धातूचं सामान पाहताना वाचायची सवय लागते. कॅरॅबिनरच्या कण्यावर बारीक अक्षरांत कोरलेलं असतं: लांबीच्या दिशेने ताकद, आडव्या दिशेने ताकद, आणि गेट उघडं असतानाची ताकद. ईएन १२२७५ या मानकानुसार साध्या कॅरॅबिनरला लांबीत किमान २० किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दोन टन, पेलावे लागतात. आडवा भार आला किंवा गेट उघडं राहिलं तर ही हमी ७ किलोन्यूटनवर येते. कोरलेलं काहीच नसेल तर ती वस्तू किल्ल्या अडकवायची. ईएन ३६२ असं लिहिलेलं असेल तर तो कारखान्यात आणि बांधकामावर उंचीवर काम करणाऱ्यांसाठीचा कनेक्टर आहे. तो कमजोर नसतो, पण बहुधा पोलादी आणि जड असतो, आणि चढाईतल्या सगळ्या वापरांसाठी बनवलेला नसतो. हेल्मेटच्या बाबतीत तर तडजोड करूच नये. चढाईचं हेल्मेट ईएन १२४९२ चं, वरून येणारा दगड झेलण्यासाठी तपासलेलं. सायकलचं हेल्मेट ज्या धक्क्यासाठी बनतं तो वेगळाच असतो. सह्याद्रीत माथ्यावरच्या माकडामुळेही दगड सुटतो.

नकली मालाचा धोका काल्पनिक नाही. २०११ साली पेट्झल या फ्रेंच कंपनीला जाहीर इशारा द्यावा लागला होता, कारण तिच्या क्रोल आणि असेन्शन या दोर चढण्याच्या साधनांच्या व काही कॅरॅबिनरच्या हुबेहूब प्रती बाजारात आल्या होत्या. रंग, शिक्का, खोका, सगळं तसंच. आतला धातू मात्र भार आला की दगा देऊ शकणारा. बेसिक कोर्ससाठी उत्तरकाशीला किंवा मनालीला गेलेली आणि पुढे काठमांडूच्या थामेलमध्ये हिंडलेली मराठी मुलं तिथून स्वस्त सामान आणतात. नकली नावाचं जॅकेट घेतलं तर फार तर थंडी वाजेल. ज्या वस्तूवर देह लोंबकळणार आहे, ती मात्र अधिकृत वितरकाच्या बिलावाचून घेऊ नये, मग ती अर्ध्या किमतीत का मिळेना.

बिलाचा आग्रह धरण्याचं आणखी एक कारण त्याच वर्षी दिसलं. पेट्झलने आपलं नवं ग्रिग्री २ हे बिले देण्याचं, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळण्याचं, साधन जगभरातून परत मागवलं, कारण हँडलवर जादा जोर पडला तर आतला भाग बिघडण्याची शक्यता आढळली. ठरावीक अनुक्रमांकांचेच नग सदोष होते. २०१६ साली अमेरिकेच्या ब्लॅक डायमंडनेही काही कॅरॅबिनर आणि स्लिंग तपासणीसाठी परत मागवले. अशा वेळी ज्या दुकानाच्या वहीत ग्राहकाचं नाव, फोन आणि वस्तूचा अनुक्रमांक असतो, ते दुकान फोन करून कळवू शकतं. जिथे रोकड घेऊन पिशवीत वस्तू टाकतात, तिथल्या ग्राहकाला हे कधीच कळत नाही. प्रत्येक वस्तूबरोबर येणारी घडीची पुस्तिकाही मागून घ्यावी. ती हरवलेली असेल, खोका भलत्याच वस्तूचा असेल, तर हा माल कुठून फिरून आला आहे हे विचारायचा ग्राहकाला हक्क आहे.

कापडी सामानाचं वय असतं, आणि हे फार जण विसरतात. दोर, हार्नेस, स्लिंग एकदाही वापरले नाहीत तरी नायलॉन म्हातारा होतो. अनेक कंपन्या कापडी वस्तूंना उत्पादनाच्या तारखेपासून दहा वर्षांची कमाल मर्यादा घालतात. रोजच्या वापरात ती मुदत कितीतरी आधी संपते, आणि एखादी मोठी आपट बसली तर त्याच दिवशी. त्यामुळे सवलतीच्या सेलमध्ये हार्नेस उचलण्याआधी आतल्या शिवणीतली पट्टी उलटून तारीख बघावी. पश्चिमेच्या उन्हात काचेआड महिनोन्‌महिने शोभेला लटकवलेला दोर घेऊच नये. उन्हातली अतिनील किरणं नायलॉन खातात आणि बॅटरीतलं आम्ल तर डागही न दाखवता त्याचा घात करतं. गाडीच्या डिकीत जुन्या बॅटरीशेजारी पडलेला दोर म्हणूनच कुणी फुकट दिला तरी नाकारायचा. जुना दोर विकत घेणं तर नकोच, कारण तो किती वेळा आणि कसा ताणला गेला हे दोर सांगत नाही. बूट, सॅक, तंबू जुने घ्यायला हरकत नाही.

एका छोट्या वस्तूवरून मोठ्या दुकानाची पारख होते: मीटरवर कापून मिळणारी ॲक्सेसरी कॉर्ड. प्रुसिक गाठीसाठी, बोल्ट जोडण्यासाठी ती सगळ्यांनाच लागते. मानकाप्रमाणे ६ मिलिमीटरच्या कॉर्डला किमान ७.२ किलोन्यूटन, ७ ला ९.८ आणि ८ ला १२.८ किलोन्यूटन पेलावे लागतात. एका मिलिमीटरने एवढा फरक पडतो. कॉर्ड मागितल्यावर दुकानदाराने रिळावरची ईएन ५६४ ची पट्टी दाखवली, तुमच्या मुख्य दोराची जाडी विचारली (प्रुसिकची कॉर्ड त्याहून पुरेशी बारीक नसेल तर गाठ पकड घेत नाही), कापून टोकं वितळवून दिली, तर तीस-चाळीस रुपये मीटरच्या गिऱ्हाइकालाही तो गंभीरपणे घेतो हे कळतं. बाजारातली तशाच रंगाची कपडे वाळवायची दोरी शेजारी ठेवली तर हाताला फरक जाणवेलच असं नाही.

ऑनलाइन खरेदी सगळी वाईट नाही. पाय आणि कंबर यांचं माप एकदा पक्कं झालं, कंपनी ठरली, की दुसरा जोड किंवा चार क्विक ड्रॉ घरपोच मागवायला काहीच हरकत नाही, विक्रेता अधिकृत असला की झालं. नाशिक, कोल्हापूर, नागपूरच्या आरोहकांना तर पुष्कळदा तेवढाच मार्ग असतो; तिथल्या संस्था वर्षातून एकदा एकत्र यादी करून मुंबई-पुण्याच्या किंवा दिल्ली-बंगळूरच्या दुकानातून माल मागवतात, वाहतूकही वाटून घेतात. पण पहिला हार्नेस, पहिला बूट आणि पहिला दोर घेण्यासाठी मात्र गाडीभाडं खर्चून माणसासमोर जावं.

जाण्याची वेळही निवडता येते. सह्याद्रीतला चढाईचा मोसम पाऊस ओसरून कातळ वाळला की सुरू होतो आणि मार्चच्या उन्हापर्यंत चालतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात प्रत्येक संस्थेची शिबिरं लागतात, दिवाळीच्या सुट्टीत पालक मुलांना घेऊन दुकानात येतात, हव्या त्या मापाचे बूट संपतात आणि आयात झालेला पुढचा माल येईपर्यंत कित्येक आठवडे जातात. सप्टेंबरातल्या एखाद्या कामाच्या दिवशी, दुपारच्या सुमाराला, दुकान मोकळं असतं. तेव्हा कपाटातलं सगळं काउंटरवर मांडून बघता येतं, अर्धा तास लटकताही येतं, आणि सोबत आणलेला जुना हार्नेस पुढे करून ‘हा अजून एक मोसम चालेल का?’ असं विचारता येतं.